उसाची एफआरपी आणि धान्याचा हमीभाव : सभासदांनी फरक ओळखावा



आपल्या कार्यक्षेत्रात ऊस हे मुख्य पीक असले तरी कोणत्याही सभासदाचे सगळेच रान उसाखाली नसते. नांदेड-लातूरकडचा शेतकरी पाण्याचा अंदाज घेऊनच ऊस लावतो. विहिरीला वा बोअरला जेवढे पाणी तेवढा ऊस, बाकी रानात सोयाबीन, त्यात तुरीचे तास, मागून हरभरा नाहीतर ज्वारी, असाच बहुतेकांचा मेळ आहे. खोडवा मोडला की जूनमध्ये त्याच रानात सोयाबीन पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना घरात एकच पीक असून भागत नाही हे वेगळे सांगायला नको. म्हणून या अंकात आम्ही उसाऐवजी उसाशेजारच्या रानातल्या मालाविषयी लिहीत आहोत.

गट कार्यालयात बसले की एक प्रश्न हटकून कानावर येतो. ‘‘सरकारनं सोयाबीनला पाच हजार तीनशे अठ्ठावीसचा भाव दिलाय म्हणतेत, मग मोंढ्यात त्या भावानं कुणी मागंना कसं ?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ‘व्यापारी लुटतेत’ एवढ्या दोन शब्दांत संपत नाही. ऊस घालणाऱ्या माणसाच्या मनात ‘सरकारी भाव’ म्हटले की एफआरपी असते. तोच अर्थ तो हमीभावाला लावतो आणि तिथेच फसतो. दोन्ही भाव दिल्लीत ठरतात, दोन्ही वर्तमानपत्रात एकसारखेच छापून येतात. पण त्यांची जात वेगळी आहे.

एफआरपीच्या पाठीमागे काय आहे

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, हा ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ याखाली ठरतो. २००९ पूर्वी त्याला किमान वैधानिक दर म्हणत. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. त्यापुढे उतारा दर ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन आपल्या हातात रक्कम पडते, हे सभासदांना माहीत आहेच.

यात दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली अशी की ही रक्कम देणे कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागते. थकबाकी राहिली तर साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. प्रत्यक्षात उशीर होतो आणि त्यावरून आंदोलनेही होतात, ते आम्ही नाकारत नाही. पण देणेकरी कोण, किती आणि कधी, हे तिन्ही कागदावर पक्के असते.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. उतारा धरला जातो तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. तुमचा फड तेराव्या महिन्यात तुटला काय आणि शेजाऱ्याचा सोळाव्या महिन्यात तुटला काय, टनाचा दर एकच. एखाद्याच्या उसात पाचट जास्त आले, कुणाचा ऊस पाण्याविना वाळला, कुणी कच्चा घातला, तरी त्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो आणि चांगल्या उसाचा फायदाही सगळ्यांत वाटला जातो. सहकाराची रीतच ती आहे. धान्याच्या बाजारात मात्र असे नाही. तिथे प्रत्येकाची रास वेगळी पाहिली जाते, पोत्यात बंबी घालून दाणे काढले जातात आणि त्या ओंजळभर दाण्यांवर तुमचा भाव ठरतो. उसात वर्षानुवर्षे सरासरीची सवय लागलेला सभासद सोयाबीन घेऊन मोंढ्यात जातो तेव्हा त्याला हा फरक पहिल्यांदा खटकतो.

हमीभावाच्या पाठीमागे काय आहे

१९६५ साली केंद्र सरकारने कृषी मूल्य आयोग नेमला. आज त्याला कृषी मूल्य व खर्च आयोग म्हणतात. हा आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार २२ पिकांचे किमान आधारभूत भाव जाहीर करते. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनला ५,३२८, तुरीला ८,०००, मुगाला ८,७६८, उडदाला ७,८०० आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये क्विंटल असे भाव जाहीर झाले.

हा आकडा येतो कोठून तेही पाहू. बियाणे, खत, औषध, मजुरी, भाड्याची अवजारे असा खिशातून गेलेला खर्च आणि त्यावर घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी, अशी बेरीज आयोग धरतो. २०२५-२६ साठी सोयाबीनची ही बेरीज क्विंटलला ३,५५२ रुपये धरली होती. तिच्या दीडपट म्हणजे ५,३२८. जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज या बेरजेत नाही. ते धरून दीडपट द्यावी अशी शेतकरी संघटनांची मागणी जुनी आहे आणि आमच्या मते ती वाजवी आहे. मात्र इथे आपला विषय वेगळा आहे. जो भाव जाहीर झालाय तो तरी पदरात कसा पडेल, हे पाहायचे आहे.

मुख्य मुद्दा असा की हमीभाव हा व्यापाऱ्याला दिलेला हुकूम नव्हे. हमीभावापेक्षा कमी भावाने माल घेतला म्हणून व्यापाऱ्याकडून फरक वसूल करील असा उसासारखा आदेश धान्याला नाही. २०१८ साली राज्यात अशा खरेदीला शिक्षा ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा व्यापाऱ्यांनी सौदेच बंद ठेवले, माल यार्डात पडून राहिला आणि ते प्रकरण तिथेच विरले. हमीभाव ही सरकारने स्वतःपुरती दिलेली कबुली आहे. भाव पडले तर आमची यंत्रणा या दराने माल घेईल, एवढाच तिचा अर्थ. सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी ही यंत्रणा म्हणजे नाफेड (स्थापना १९५८) आणि अलीकडे एनसीसीएफ. त्यांच्या वतीने गावपातळीवर खरेदी-विक्री संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या वगैरे संस्था केंद्रे चालवतात. २०१८ पासून हे सारे ‘पीएम-आशा’ या योजनेखाली चालते.

या कबुलीला तीन कुंपणे आहेत. किती माल घ्यायचा याची मर्यादा असते. किती दिवस घ्यायचा याचीही असते. आणि कसा माल घ्यायचा याची अट असते. पहिली दोन आपल्या हातात नाहीत. तिसरी बरीचशी आपल्या हातात आहे, म्हणून आम्ही तिच्यावरच जास्त लिहिणार आहोत.

ओलाव्याचे गणित

केंद्रावर माल ‘एफएक्यू’ लागतो. म्हणजे सर्वसाधारण चांगल्या प्रतीचा. सोयाबीनसाठी त्याची मुख्य अट ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि माती-काडीकचरा २ टक्क्यांच्या आत ही होय. शिवाय सुरकुतलेले, कच्चे हिरवे, किडके, फुटके दाणे किती चालतील याच्याही मर्यादा आहेत. मोंढ्यातला खरेदीदार याहून कडक असतो. तेल गिरणी १० टक्के ओलावा, २ टक्के कचरा आणि २ टक्के डागी असा हिशेब धरून भाव काढते आणि त्याच्यावर जे असेल ते कापते.

सोयाबीन आपल्याकडे निघते ते नेमके परतीच्या पावसात. काढून बनीम लावली, ताडपत्री झाकली, मळणीयंत्र मिळाले की रातोरात मळले, सकाळी ट्रॅक्टर थेट मोंढ्यात. दसरा-दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचे बी-खत घ्यायचे, सोसायटीचे कर्ज फिरवायचे. ही निकड आम्हाला कळते. पण त्या दिवशीच्या मालात ओलावा १८ टक्के असतो, कधी २० च्याही वर जातो.

आता हिशेब करू. १८ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८२ किलो कोरडा माल आणि १८ किलो पाणी असते. तेच वाळवून १२ टक्क्यांवर आणले तर ८२ किलो कोरडा माल हा एकूण वजनाच्या ८८ टक्के होतो. म्हणजे वजन भरते सुमारे ९३ किलो. क्विंटलमागे ७ किलो घट. सभासद म्हणतो, ‘‘वाळवून सात किलो घालवायचे कशाला ? ओलंच घातलेलं बरं.’’ तर पुढे बघा. समजा ओल्या मालाला मोंढ्यात ३,८०० भाव मिळाला आणि त्याच दिवशी वाळलेल्या चांगल्या मालाला ४,३०० आहे. ओले १०० किलो विकून ३,८०० आले. वाळवलेले ९३ किलो विकून ३,९९९ आले. फरक २०० रुपयांचा. ताडपत्री, मजूर, दोन दिवस राखण धरली तर हा फरक बराचसा तिथेच जिरतो, हेही खरे. पण तोच ९३ किलो माल हमीभावाच्या केंद्रावर गेला तर ५,३२८ च्या दराने ४,९५५ रुपये येतात. फरक ११५५ रुपयांचा झाला. तीस क्विंटलवाल्याला चौतीस हजारांच्या वर. वाळवण्याची खरी मजुरी इथे मिळते.

ओलावा १५ टक्के असेल तर घट साडेतीन किलोच्या आतच राहते. २०२४ च्या नोव्हेंबरात पावसामुळे माल वाळेना, तेव्हा केंद्राने त्या एका हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. दरवर्षी अशी सूट येईल या भरवशावर बसू नये. ती आली तेव्हाही हंगाम लोटल्यावर आली होती.

घरच्या घरी ओलावा पाहायचा तर एक जुनी युक्ती आहे. काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत दाणे आणि वर दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ घाला, झाकण लावून दहा मिनिटे हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. चिकटले नाही तर १५ च्या आत आला. तेथून १२ वर आणायला चांगल्या उन्हाचा आणखी एक दिवस बहुधा लागतो. दाताखाली दाणा दबला तर ओला, कट्टकन फुटला तर वाळला, ही आपल्या वडीलधाऱ्यांची परीक्षाही खोटी नाही. पण केंद्रावर दात चालत नाहीत, तिथे यंत्राचा आकडा चालतो. म्हणून ट्रॅक्टर भरण्याआधी किलोभर नमुना नेऊन यंत्रावर तपासून यावे. पंचवीस-तीस किलोमीटर माल नेऊन १३ टक्क्यांसाठी परत आणला असे होऊ नये.

मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवावेत. सोयाबीनचे टरफल पातळ असते, जास्त वेगाने दाणा फुटतो आणि फुटीची टक्केवारी वाढते. भिजलेल्या बनिमीचा खालचा थर वेगळा मळावा. चार पोती काळपट माल चाळीस पोत्यांत मिसळला की सगळी रासच डागी ठरते. ज्याचे त्याचे वेगळे विकलेले बरे.

याबाबतीत एक बाहेरची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये २००० सालापासून ‘रेड ट्रॅक्टर’ नावाची खूण आहे. तिथला गहू-बार्ली पिकवणारा शेतकरी दरवर्षी आपल्या शेताची, कोठाराची, फवारणीच्या नोंदींची तपासणी करून घेतो आणि प्रत्येक गाडीबरोबर तसा दाखला देतो. दाखला नसला तर बरेचसे खरेदीदार माल घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. आणि तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार काय, तर आमच्याकडून एवढे कागद घेता आणि परदेशातून आलेले धान्य मात्र बंदरात नमुना तपासून त्याच गिरणीत जाते. आपल्याकडच्या तुरीचे ऐकल्यासारखे वाटते ना ! आपली तूर केंद्रावर चाळणी मारून घेतली जाते आणि म्यानमार, मोझांबिककडची तूर जहाजाने येऊन भाव पाडते. प्रतीची अट जगभर शेतकऱ्याच्याच दाराशी येऊन थांबते, असे दिसते.

भाव मोंढ्यात ठरतो का ?

एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे लातूरच्या मोंढ्यातला सौदा प्रत्यक्षात तेल आणि पेंडेचा सौदा आहे. तेल आपण बाहेरून आणतो, इंडोनेशिया-मलेशियाचे पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल. आयात शुल्क वाढले की आपल्या मालाला टेकू मिळतो, घटले की टेकू निघतो. २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० टक्के केले आणि २०२५ च्या मे महिनाअखेर ते १० टक्क्यांवर आणले. शहरातल्या तेलाच्या डब्याचा विचार झाला, आपल्या पोत्याचा झाला नाही.

पेंडेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आपल्यासारख्या ऊसवाल्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. इथेनॉलने साखर कारखान्यांना आधार दिला, त्याचे आपण स्वागत केले. पण इथेनॉल मका आणि तांदळापासूनही होऊ लागले आणि त्यातून उरणारा डीडीजीएस नावाचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला. कोंबडीखाद्यवाल्यांनी सोयापेंडेऐवजी तो घेतला आणि पेंडेचा उठाव मंदावला. एकाच घरात उसाने दिलेले सोयाबीनने असे थोडे परत नेले. यावर आपल्या चळवळीत फारसे कोणी बोलत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांपर्यंत चढले होते. ऑगस्टमध्ये सरकारने सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि डिसेंबरात सोयाबीनसह सात मालांचे वायदे बंद केले. पुढे २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांवर माल गेला. म्हणजे भाव चढला की खाली ओढायला हात येतात, पडला की उचलायला केंद्रे सुरू होण्याची वाट पाहावी लागते. आमचे हे मत कडू वाटेल, पण हिशेबाने तसेच आहे.

केंद्रावर जाण्याची तयारी

केंद्रावर आधी नोंदणी लागते. आधार, बँक पासबुक आणि चालू हंगामाचा पीकपेरा असलेला सातबारा, हे कागद मूळ आहेत. पीकपेरा आता तलाठ्याकडे जाऊन होत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपली आपणच मोबाईलवर करावयाची असते, तीही मुदतीत. ऊसवाल्यांकडून इथे हमखास चूक होते. गटात मागच्या वर्षी ऊस होता, नोंद तशीच राहिली, प्रत्यक्षात सोयाबीन होते. केंद्रावर कागद बोलतो, रान बोलत नाही. नोंदीत ऊस असेल तर सोयाबीन घेणार कसे ?

जिल्ह्याची हेक्टरी सरासरी उत्पादकता ठरवून तेवढाच माल एका सातबाऱ्यावर घेतला जातो. त्यापेक्षा जास्त पिकले तर उरलेला मोंढ्यात न्यावा लागतो. संदेश आल्यावरच माल न्यावा. पैसे थेट खात्यावर येतात, पण हातोहात येत नाहीत. २०२४-२५ मध्ये बारदान्याअभावी केंद्रे अडली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. २०१७ च्या तुरीचे तर सर्वांना आठवत असेल. विक्रमी पीक आले, ५,०५० भाव होता, केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि २२ एप्रिलला नाफेडची खरेदी थांबली. मग राज्य सरकारला वेगळी खरेदी करावी लागली. शेवटच्या आठवड्यासाठी माल राखून ठेवणाऱ्यांचे हाल झाले. म्हणून नोंदणी सुरू होताच नाव घालावे. माल नंतर वाळत राहील.

ज्याच्याकडे पाच-सात क्विंटलच माल आहे त्याने एकट्याने गाडी करून जाणे परवडत नाही. वस्तीवरच्या चार-पाच जणांनी एकाच दिवसाची खटपट करावी, गाडी एक करावी. ऊसतोडीला आपण टोळी मिळून सांभाळतो, तसेच हे.

दोन महिने थांबायचे तर

गरज आजची आणि भाव उद्याचा, अशा पेचात शेतमाल तारण योजना कामाला येते. राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे आणि बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर, हरभरा समितीच्या गोदामात ठेवावयाचा, त्या दिवसाचा बाजारभाव किंवा हमीभाव यांपैकी जो कमी त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. मुदत १८० दिवस, व्याज वर्षाला ६ टक्के. व्यापाऱ्याचा माल यात घेत नाहीत.

तीस क्विंटल सोयाबीन ४,२०० च्या बाजारात ठेवले तर मालाची किंमत १,२६,००० आणि कर्ज ९४,५०० रुपये. चार महिन्यांचे व्याज १,८९०. म्हणजे क्विंटलला ६३ रुपये. भाव तेवढा वाढला तर बरोबरी, त्यावर वाढला तर नफा. वाणसामान-बियाणे सुटले आणि माल आपल्याच नावावर राहिला. मात्र थांबले की वाढतेच, असे समजू नये. २०२१ च्या हिवाळ्यात थांबलेल्यांना चांगले पैसे झाले. त्या आठवणीवर २०२२ चा माल लोकांनी साडेपाच हजारांच्या आसपास न विकता ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात पाच हजारांच्या घरात विकला. आमचे म्हणणे असे की निम्मा माल गरजेपुरता विकावा, निम्मा तारणात ठेवावा, आणि पुढच्या पेरणीआधी मोकळे व्हावे. तारणात ओला माल ठेवता येत नाही, गरम होऊन बुरशी येते. म्हणजे पुन्हा ओलाव्याशीच गाठ.

पीकविम्याविषयी थोडक्यात. विमा उत्पन्नाच्या घटीचा असतो, भावाच्या घटीचा नसतो. भाव पडला म्हणून विमा मिळत नाही. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. तेव्हापासून खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता आपला. त्याच वेळी भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठेवण्यात आली आणि एकट्याच्या रानात पाणी शिरले तर मिळणारी वेगळी भरपाई वगळली गेली. नेमके त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मुखेडपासून औसा-निलंग्यापर्यंत पावसाने रानेच्या राने धुऊन नेली. म्हणून दर हंगामात हप्ता भरण्याआधी त्या हंगामाच्या अटी वाचून घ्याव्यात, मागच्या वर्षीच्या धरू नयेत. गावात पीक कापणी प्रयोग होईल त्या दिवशी हजर राहावे. साऱ्या मंडळाचे भवितव्य अशा मोजक्या तुकड्यांवर ठरत असते. आणि अधिसूचित पिकांत ऊस नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

शेवटी तुरीविषयी, कारण सोयाबीन निघाले तरी तिचे तास रानात उभे असतात. २०२८-२९ पर्यंत राज्यातल्या उत्पादनाएवढी सगळी तूर हमीभावाने घेण्याची मुभा केंद्र सरकारने दिली आहे. सोयाबीनला अशी मुभा नाही. पण सोयाबीन अधिक तूर पेरून ई-पीक पाहणीत नुसते सोयाबीन नोंदवणारे सभासद पुष्कळ आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत दहा पोती तूर घरात असते आणि सातबाऱ्यावर एक दाणाही नसतो. मिश्रपीक म्हणून दोन्हींची नोंद, क्षेत्रासह, मुदतीत करावी. मोबाईल चालवता येत नसेल तर घरातल्या शिकत्या मुला-मुलीला सोबत घेऊन रानात उभे राहूनच फोटो काढावा. घरी बसून केलेली नोंद स्वीकारली जात नाही.